आधी थकतात त्या तरुण इमारती

मुंबईतल्या सर्वांत जुन्या इमारतींची मला फारशी चिंता वाटत नाही. जुनं सचिवालय १८७४ चं, हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर १८७८ चे. व्हीटी, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, त्याच १८७८ मध्ये बांधायला घेतलं आणि पुरं व्हायला सुमारे दहा वर्षं लागली. यांनी दीडशेच्या आसपास पावसाळे काढले, आणि भिंती अजून खणखणीत आहेत. चिंता वाटते ती यांच्यानंतर आलेल्यांची: मरीन ड्राइव्हवरच्या १९३०-४० च्या घरांची, दादर-माटुंग्याच्या तीन मजली इमारतींची आणि त्याहूनही जास्त १९७०-८० च्या काँक्रीटच्या कामांची.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. नव्या इमारती मी फारशा उभ्या केल्या नाहीत, आयुष्य दुरुस्तीत गेलं. परांचीवर चढायचं, हातोडीने कॉलम, बीम, स्लॅब ठोकत जायचं आणि कुठे भरीव वाजतं, कुठे पोकळ, ते ऐकायचं. या ठोकाठोकीतून जे हाती आलं ते सर्वसाधारण समजुतीच्या उलट आहे. जुनी इमारत म्हणजे धोक्यातली आणि नवी म्हणजे सुरक्षित, असं आपण धरून चालतो. वारसा म्हटलं की कमानी, मनोरे आणि कोरीव दगडच डोळ्यांसमोर येतो. म्हणून दगडाच्या इमारतींकडे कायदा, पैसा आणि प्रेम तिन्ही वळलं, आणि ज्यांना रोजची निगा सर्वांत जास्त लागते त्या मागे राहिल्या.

दगड का टिकतो ते सांगते. राजाबाई टॉवर कुर्ल्याच्या पिवळसर दगडाचा आहे. अशा कामातल्या भिंती जाड असतात आणि सांध्यांत चुना असतो. चुना मऊ असतो, त्यातून ओल आत जाते तशी बाहेरही पडते. भिंत पावसाळ्यात भिजते आणि हिवाळ्यापर्यंत सुकते. गंजण्यासारखं तिच्या पोटात फारसं काही नसतं. अशा भिंतीचं नुकसान बहुतेक वेळा दुरुस्तीनेच झालेलं मी पाहिलंय. कुणीतरी कधीतरी सांधे सिमेंटने भरून टाकले. सिमेंट कडक, ओल अडवणारं. मग ओल दगडातूनच वाट काढते, येताना क्षार घेऊन येते आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. त्यामुळे दगडी इमारतीच्या चांगल्या जीर्णोद्धारात बराच वेळ आधीचं सिमेंट खरवडून काढण्यात आणि पुन्हा चुना भरण्यात जातो. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलं. त्याचं असं जाणकारीचं काम झालं, आणि २००५ मध्ये त्याला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. आज ते पाहताना कळतं की पैसा आणि जाणकार माणसं मिळाली तर दगड आणि लाकूड पुन्हा उभारी धरतं.

काँक्रीटचं तसं नाही. त्याच्या पोटात लोखंडाची सळई असते, आणि सळईचं संरक्षण होतं ते सिमेंटच्या अल्कधर्मी गुणामुळे. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं काँक्रीटमध्ये झिरपत जातो आणि हा गुण बाहेरून आत मारत नेतो. तो सळईपर्यंत पोचला की सळई उघडी पडल्यासारखीच, फक्त आपल्याला दिसत नाही. त्यात समुद्राच्या वाऱ्यातलं मीठ आणि चार महिन्यांत पडणारा दोन हजार मिलिमीटरच्या वरचा पाऊस. सळई गंजते, आणि गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. भिजलेल्या डाळीसारखी ती आतून फुगते आणि वरचं काँक्रीट फोडून बाहेर येते. घरात तुम्हाला दिसतं ते एवढंच: स्लॅबला केसाएवढी रेघ, मग तांबूस डाग, मग एखाद्या रात्री स्वयंपाकघरात पडलेला ढलपा.

यासाठी एक सोपी चाचणी आहे. ती मी रहिवाशांना मुद्दाम जवळ बोलावून दाखवते. काँक्रीटचा ताजा टवका काढायचा आणि त्यावर फिनॉलफ्थॅलिनचं द्रावण शिंपडायचं. जिथे काँक्रीट निरोगी आहे तिथे ते गडद गुलाबी होतं. जिथे गुण मेला आहे तिथे रंगच येत नाही. बिनरंगी पट्टा सळईच्या किती जवळ आला ते मोजपट्टीने पाहायचं. तीसच्या दशकातल्या स्लॅबमध्ये सळईवरचं आवरण पुष्कळदा अर्धा-पाऊण इंचच असतं. तरीही त्या वेळच्या साध्या गोल सळया बऱ्याच ठिकाणी अजून बऱ्या स्थितीत सापडतात. साठच्या दशकापासून पिळाच्या सळया आल्या. त्या ताकदीला जास्त, पण गंजायलाही लवकर, असा दुरुस्तीच्या धंद्यातल्या आम्हा सगळ्यांचा अनुभव आहे. म्हणून १९८० ची इमारत १९३८ च्या इमारतीपेक्षा वाईट अवस्थेत सापडते, आणि ‘एवढी नवी असून?’ असं लोक विचारतात.

दगड ते काँक्रीट हा बदल मुंबईत एकाच घरात घडला. व्हीटी स्टेशन बांधलं फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी, आणि कुलाब्याचा रीगल सिनेमा, १९३३ चा, त्यांच्या मुलाने, चार्ल्स स्टीव्हन्सने. वडिलांच्या इमारतीवर घुमट, प्राणी, पानं, चेहरे आहेत. मुलाने सरळ उभ्या रेषा आणि सपाट भिंती आणल्या. मधल्या काळात सिमेंट आलं, सिनेमा आला, मोटारी आल्या, आणि शहराला आपण नवे आहोत हे दाखवायची हौस आली.

हे दोन काळ एकाच ठिकाणी उभं राहून बघायचे तर ओव्हल मैदानावर जा. पूर्वेला हायकोर्ट, विद्यापीठ, जुनं सचिवालय. १८६० च्या दशकात किल्ल्याचा तट पाडल्यावर मोकळ्या झालेल्या पट्ट्यावर ही रांग उठली. तेव्हा तिच्यासमोर समुद्र होता. पुढे बॅक बे भरून काढला, आणि त्या भरावावर पश्चिमेची रांग आली: चार-पाच मजली राहत्या घरांची, गोल कोपऱ्यांची, लांब छज्ज्यांची. मधे क्रिकेट चालू असतं. ३० जून २०१८ रोजी युनेस्कोने या दोन्ही रांगा आणि आसपासचा भाग मिळून ९४ इमारतींना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. व्हीटीला ती २००४ मध्येच मिळाली होती. २०१८ ची गोष्ट मला त्याहून मोठी वाटते, कारण तेव्हा पहिल्यांदा या शहरातल्या राहत्या घरांना, जिथे बाल्कनीत टॉवेल वाळत असतात अशा घरांना, त्या यादीत स्थान मिळालं. आणि त्यासाठी वर्षानुवर्षं मागे लागले ते तिथले रहिवासी आणि नागरिकांच्या संघटना.

पश्चिमेच्या त्या रांगेत आपली माणसं आहेत, ही गोष्ट मराठी घरांत फारशी माहीत नाही. गजानन बाबूराव म्हात्रे हे नाव किती जणांनी ऐकलंय? १९०२ चा जन्म, जे. जे. मध्ये शिक्षण, मग लंडन. ओव्हलसमोरची एम्प्रेस कोर्ट त्यांची. मरीन ड्राइव्हवर वीर नरिमन रस्त्याच्या कोपऱ्याला आपल्या बुरुजासह वळलेली १९३७ ची सूना महल त्यांचीच. कमू अय्यर यांनी त्यांच्या कामावर पुस्तक काढलं नसतं तर ते वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक झाले नसते. फोर्टमधल्या न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सच्या इमारतीसमोर उभे राहून वर पाहा. दर्शनी भिंतीवरच्या त्या उंच, ताठ मानवी आकृती नारायण गणेश पानसरे यांनी घडवल्या. इमारत मास्टर, साठे आणि भूता यांची. व्हिक्टोरियन मुंबईचा आराखडा इंग्रजांनी काढला. तीसच्या दशकातली मुंबई मोठ्या प्रमाणावर इथेच शिकलेल्या भारतीय वास्तुविशारदांनी काढली. ती पाडून टाकताना आपण आपलंच पाडतोय, याचं मला वाईट वाटतं.

या घरांमध्ये काय बघायचं असं मला नेहमी विचारतात. मी सांगते, आधी छज्जा बघा. प्रत्येक खिडकीवरून सलग धावणारी ती पातळ पट्टी दिसायला डौलदार आहे, पण तिचं काम उन्हाची आणि तिरप्या पावसाची पहिली धार अडवणं हे आहे. तिच्या खालच्या कडेला बारीक खाच असते. तिला आम्ही पाणपट्टी म्हणतो, तिच्यामुळे पाणी भिंतीकडे न वळता खाली टपकतं. रंगारी किंवा प्लास्टरवाला ती खाच बुजवतो आणि दोन पावसाळ्यांत भिंतीला ओल येते. मग जिना बघा. इमारत कळते ती जिन्यावरून, असं माझं ठाम मत आहे. दर्शनी भाग मालक दुसऱ्यांसाठी सजवतो, जिना रोज चढणाऱ्यांसाठी असतो. सागवानी कठडा हाताला कुठेही टोचत नाही, वळणावर तो न तुटता फिरतो. मोझॅकच्या पायऱ्यांची कड गोल केलेली असते. मधल्या मजल्यावर उभी जाळी असते आणि तिच्यातून मे महिन्यातही वारा येतो. जाळीत उगवत्या सूर्याचे किरण, कारंजी, लाटा असतात. फरश्या पुष्कळ ठिकाणी भारत टाइल्सच्या. १९२२ मध्ये स्वदेशीच्या भावनेतून सुरू झालेला तो कारखाना. अशा फरश्या फोडून वर चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स बसवलेल्या पाहिल्या की मला गलबलून येतं, कारण त्या फोडल्याशिवायही घर स्वच्छ दिसलं असतं.

आता कायद्याचं. १९९५ मध्ये मुंबईने वारसा इमारतींसाठी नियम केले. भारतात हे करणारं हे पहिलं शहर. श्रेणी एक, दोन अ, दोन ब आणि तीन असे गट आहेत. पहिल्या श्रेणीत हात लावायला जवळजवळ बंदी, दुसरीत आतले बदल चालतात, तिसरीत परिसराचं रूप सांभाळून बरंच काही करता येतं. या नियमांनी काळा घोडा आणि फोर्ट वाचवलं, हे निःसंशय. पण नियम पाडायला अडवतो, गळतीला नाही. काळा घोड्याजवळच्या एस्प्लनेड मॅन्शनकडे बघा, म्हणजे पूर्वीच्या वॉटसन हॉटेलकडे. ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये तयार करून इथे आणून जोडला, १८७१ मध्ये ते सुरू झालं आणि ७ जुलै १८९६ रोजी तिथेच भारतात पहिल्यांदा ल्यूमिएर बंधूंचे चलच्चित्रपट दाखवले गेले. २००५ मध्ये इमारतीचा एक भाग कोसळला, २०१९ मध्ये माणसं बाहेर काढून ती रिकामी करावी लागली. यादीत नाव होतं, पण निगा राखणारं कुणी नव्हतं.

निगा का राहत नाही, याचं उत्तर बऱ्याच अंशी भाड्यात आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. त्या वेळी ते भाडेकरूंसाठी आवश्यकच होतं, पण पुढे ती फारशी वाढलीच नाहीत. ज्या भाड्यात जिन्यातला दिवाही लागत नाही, त्या भाड्यात मालक स्लॅब कशाला करेल? मग इमारत झिजू द्यायची आणि पुनर्विकासाची वाट बघायची, हाच मार्ग दोन्ही बाजूंना उरतो. २०१२ मध्ये वारसा यादीत नव्या भागांची भर घालायचं ठरलं, त्यात शिवाजी पार्कचा परिसर होता, आणि विरोध उठला तो तिथल्याच रहिवाशांकडून. मी त्या लोकांना दोष देत नाही. चौथ्या पिढीला दोन खोल्यांत राहायचंय, आजीला लिफ्टशिवाय तिसरा मजला चढता येत नाही, स्लॅब गळतोय. अशा वेळी ‘तुमचं घर सुंदर आहे, बदलू नका’ एवढंच सांगणं अन्यायाचं आहे. दादरच्या एका काकू मला म्हणाल्या होत्या, “तुम्ही म्हणता ते पटतं हो, पण लिफ्ट कोण देणार?” अशा इमारतींत मागच्या बाजूला, दर्शनी भाग न बिघडवता लिफ्ट बसवता येते, आम्ही बसवलेली आहे. प्रश्न पैशाचा असतो. पाडायला बिल्डर पैसे घेऊन दारात उभा असतो, दुरुस्तीसाठी मात्र कर्ज मिळवताना सोसायटी मेटाकुटीला येते. वारसा जपायचा असेल तर ही बाजू आधी बदलायला हवी.

आणि सगळंच जपावं असं माझं मत नाही. मी कितीतरी इमारतींवर ‘सी-१’ लिहिलंय, म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करा. माणसाच्या जिवापेक्षा छज्जा मोठा नाही. पण सी-१ आणि सी-२ यांत फरक आहे. दुसऱ्या गटातली इमारत दुरुस्त होते, आणि ती पाडायचीच या हिशेबाने तिला पहिल्या गटात ढकलणं मला मान्य नाही. तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट मुंबईत बंधनकारक आहे. ते करून घेताना चाचण्यांचे आकडे मागून घ्या, नुसता शेरा घेऊ नका.

सर्वांत एकाकी आहेत त्या स्वातंत्र्यानंतरच्या इमारती. त्यांच्यावर कुणाचं प्रेमच बसलेलं नाही. दिल्लीच्या प्रगती मैदानातलं हॉल ऑफ नेशन्स १९७२ चं: वास्तुविशारद राज रेवाल, इंजिनिअर महेंद्र राज. पोलादी नळ्यांनी जी अवकाशजाळी उभारतात, ती त्यांनी ओतीव काँक्रीटमध्ये उभारली होती. २०१७ च्या एप्रिलमध्ये ती पाडली. साठ वर्षंही न झालेल्या वास्तूला वारसा म्हणायचं नाही, हा निकष तिच्या आड आला. माझ्यासारख्या इंजिनिअरला हा निकष कळत नाही. समुद्राकाठच्या काँक्रीटला साठ वर्षं वाट बघायला लावणं म्हणजे मान्यता मिळायच्या आत त्याला संपवणंच आहे. अहमदाबादच्या आयआयएममध्ये लुई कान यांच्या ग्रंथालयाची दुरुस्ती इतकी नीट झाली की २०१९ मध्ये तिला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, आणि २०२० च्या डिसेंबरात त्याच आवारातली त्यांचीच वसतिगृहं पाडायचं जाहीर झालं. जगभरातून विरोध आल्यावर निर्णय मागे घेतला, पण २०२२ मध्ये पुन्हा तोच विषय पुढे आला.

आपल्या मुंबईत चार्ल्स कोरिया यांची दोन कामं मला फार जवळची आहेत. एक दादरचं साल्वासांव चर्च, १९७७ चं. प्रार्थनेच्या जागा वेगवेगळ्या, मधे मोकळे चौक, आणि वर काँक्रीटच्या कवचाची छपरं, त्यांतून उजेड उतरतो. दुसरी कंचनजंगा, १९८३ मध्ये पुरी झालेली, २८ मजल्यांत अवघी ३२ घरं. मुंबईत वारा आणि समुद्र पश्चिमेला, पण दुपारचं ऊन आणि पावसाचा माराही तिथूनच. कोरियांनी जुन्या बंगल्याच्या व्हरांड्याची युक्ती उंचावर नेली: कोपऱ्यात दोन मजले उंचीची गच्ची, तिच्यामागे राहतं घर. आज काचेच्या बंद इमारती एसीवर चालतात, तेव्हा या बिनयंत्राच्या उत्तराकडे मी पुन्हा पुन्हा वळते. अशा वास्तूंची काँक्रीटची तपासणी आतापासून ठराविक वर्षांनी व्हावी, आणि त्यासाठी वयाची अट नसावी, ही माझी मागणी आहे.

तुमची इमारत कुठल्याही यादीत नसली तरी करण्यासारखं पुष्कळ आहे. मे महिन्यात गच्चीवर जा. पाण्याची तोंडं साफ करा, बिडाच्या पाइपाचा सांधा फुटलाय का बघा, पिंपळाचं रोप बोटभर असतानाच मुळासकट काढा. स्लॅबला तांबूस डाग दिसला तर वरून रंग मारून झाकू नका. दुरुस्ती काढलीत तर मेलेलं काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढायला सांगा, सळई घासून गंजरोधक लावल्याशिवाय भरू देऊ नका. आणि छज्जा किंवा कठड्याची कड तोडण्याआधी तिचा पत्र्याचा फर्मा काढून ठेवायला मिस्त्रीला सांगा. हे काम अर्ध्या तासाचं आहे. ते न केल्याने शेकडो छज्जे जाडजूड, बोथट होऊन बसलेत. एका मिस्त्रींनी माझ्याकडच्या कामात असे फर्मे नावं घालून गोणीत जपले होते. पुढच्या विंगच्या दुरुस्तीला तेच वापरले.

सोसायटीच्या कपाटात मूळ नकाशे असतील तर आजच स्कॅन करून घ्या. अमोनियाच्या वासाचे ते जांभळट कागद घडीवर फाटतात आणि ऊन लागलं की उडतात. नकाशावर वास्तुविशारदाचं नाव आणि साल असतं. सळयांचा तपशील मिळाला तर आमचं निम्मं काम हलकं होतं आणि स्लॅब कमी ठिकाणी फोडावा लागतो. नकाशे नसतील तर जिन्याची जाळी, दारावरची नावाची अक्षरं, फरशीचा नमुना यांचे मापांसह फोटो काढून ठेवा आणि कंत्राटदाराशी करार करताना ते त्याला जोडा, म्हणजे काढलेली जाळी भंगारात न जाता पुन्हा जागेवर बसवणं त्याच्यावर बंधनकारक राहील.